कोंबड्यांचे श्वसनरोग व गावाने मिळून करावयाची लसटोचणी

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर, ज्या घरी दुभते जनावर नाही अशा पुष्कळ घरीही चार-सहा कोंबड्या असतात. दिवसा त्या परड्यात व उकिरड्यावर चरतात आणि रात्री खुराड्यात अथवा डालग्याखाली कोंडल्या जातात. त्यांच्यावर वेगळा असा खर्च फारसा होत नाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडीच देते हे खरे; परंतु त्या अंड्यांचा आणि यात्रेच्या दिवसांत विकलेल्या कोंबड्याचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती पडतो. मुलांच्या वह्या, एस. टी. चे भाडे, तेलमीठ अशा गरजा त्यातून भागतात. धंदेवाईक शेडमध्ये रोग शिरला म्हणजे त्याची चर्चा होते व नुकसानीचा आकडा मांडला जातो. वाडीतील खुराडी मात्र आठवड्याभरात ओस पडतात, आणि "यंदा लाट आली" एवढे म्हणून ते नुकसान कोणाच्याही वहीत न चढता विसरले जाते.

ही लाट पुष्कळदा श्वासाच्या त्रासाने सुरू होते. कोंबडी मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घेते. रात्री खुराड्याजवळ कान दिला तर घरघर ऐकू येते. येथेच पहिली चूक होण्याचा संभव असतो. घरघर हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. घरघरणाऱ्या कोंबडीला निरनिराळ्या पाच-सहा रोगांपैकी कोणताही झालेला असू शकतो आणि त्यांपैकी काहींवरच लसीचा उपयोग आहे. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्याने लसीची कुपी उघडण्यापूर्वी थोडे निरीक्षण करावयास शिकले पाहिजे.

घरघरीचे निरनिराळे प्रकार

पिले पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच धापा टाकून मरू लागली, तर आधी त्यांच्याखालचे तूस अथवा भुसा हातात घेऊन हुंगावा. कुबट वास येत असल्यास बुरशीचा संशय घ्यावा. तिचे बीज श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन रुजते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाची चोयटी गादीसाठी सहज मिळते व ती चांगलीही असते; पण पावसात भिजलेली, ढीग लावून गरम झालेली चोयटी पिलांखाली घालणे म्हणजे रोग विकत घेणे होय. या रोगास लस नाही, आणि खात्रीचा असा उपचारही नाही. गादी बदलणे व ती कोरडी ठेवणे हाच मार्ग आहे.

कोंबडीचा चेहरा एका अथवा दोन्ही बाजूंनी सुजला, डोळा मिटला, नाकातून घट्ट व दुर्गंधी शेंबूड वाहू लागला, तर तो सांसर्गिक सर्दीचा रोग असण्याचा संभव अधिक. तो जिवाणूमुळे होतो. योग्य औषधाने कोंबड्या सुधारतात, मात्र बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या पुढे रोगवाहक राहतात.

दीर्घकालीन श्वसनरोगाचे कारण मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जिवाणू होय. तो कोंबडीच्या अंड्यातून थेट पिलात उतरतो. म्हणजे पिलू विकत आणले त्या दिवशीच रोग घरी आलेला असतो, तो दिसतो मात्र पुढे, हवा बदलली अथवा अन्य काही ताण पडला म्हणजे. यात एकदम मोठी मर होत नाही. वजन वाढत नाही, अंडी घटतात, खोकला आठवडेच्या आठवडे टिकतो. पिले घेताना ती कोणत्या कळपाच्या अंड्यांची आहेत याची चौकशी करणे म्हणूनच अगत्याचे असते. कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. रस्त्याने टोपलीत पिले विकत फिरणाऱ्याकडून रंग पाहून पिले घेण्यापेक्षा अशा माहितीच्या ठिकाणाहून ती घेणे केव्हाही बरे.

सांसर्गिक श्वासनलिकादाह हा विषाणूचा रोग आहे. १९३१ साली अमेरिकेत त्याची प्रथम नोंद झाली. लहान पिले शिंकतात व घरघरतात. अंड्यावरील कोंबड्यांत मात्र वेडीवाकडी, सुरकुतलेल्या कवचाची अंडी आणि पाण्यासारखा पातळ पांढरा बलक यावरून तो ओळखू येतो. मोठ्या शेडमधून यासाठी वेगळी लस दिली जाते. परसातल्या कोंबड्यांना ती सहसा दिली जात नाही, व सध्याच्या परिस्थितीत आधी जे करावयाचे ते निराळेच आहे.

राणीखेत ऊर्फ मानमोडी

खुराडी ओस पाडणारा रोग बहुतेक वेळा हाच असतो. १९२६ साली जावा बेटात व त्याच सुमारास इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी तो ओळखला गेला, म्हणून जगात त्याचे नाव न्यूकॅसलचा रोग असे पडले. आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे १९२७-२८ च्या सुमारास तो आढळला व ते नाव रूढ झाले. शेतकऱ्यांनी दिलेले 'मानमोडी' हे नाव या दोहोंपेक्षा अधिक बोलके आहे. कारण रोगातून जगलेल्या अथवा रेंगाळलेल्या कोंबडीची मान पिळवटून पाठीवर किंवा बाजूला वळलेली दिसते.

रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत, क्वचित दोन दिवसांतच तर कधी पंधरा दिवसांनी, लक्षणे दिसू लागतात. कोंबडी दाणा सोडते, पिसे फुलवून बसते, चोच उघडून श्वास घेते. हिरवट-पांढरी हगवण लागते. अंडी एकाएकी बंद होतात. पुढे पंख लोंबतात, पाय लुळे पडतात, मान मोडते. लस न दिलेल्या कळपात तीव्र स्वरूपाचा रोग शिरला तर शंभरातील नव्वदांहूनही अधिक पक्षी मरू शकतात. मेलेली कोंबडी पशुवैद्यकाने उघडून पाहिली, तर दाणे दळणाऱ्या जाड पोटाच्या अलीकडील लहान जठरात पुष्कळदा रक्ताचे लाल ठिपके आढळतात. घरघर, हिरवी हगवण व मान वाकडी ही तिन्ही एकाच आठवड्यात एकाच वाडीत दिसली, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत राणीखेतच आहे असे धरून चालावे.

विषाणूवर प्रतिजैविक औषध चालत नाही. लसूण, हळद, गूळ यांनी कोंबडीस अपाय नाही, पण रोगही हटत नाही. हे एकदा स्पष्ट झाले म्हणजे लस आधीच देण्याचे महत्त्व आपोआप कळते.

रोग गावात कसा येतो? विषाणू आजारी पक्ष्याच्या श्वासातून, लाळेतून व विष्ठेतून बाहेर पडतो. पण एका गावातून दुसऱ्या गावात तो बहुधा माणसाच्याच हाताने जातो. गावच्या यात्रा, म्हाई, आषाढातील टेंबलाईची यात्रा या दिवसांत कोंबड्या गावोगाव फिरतात. वडगावसारख्या मोठ्या बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका डालग्यात येतात. न विकली गेलेली कोंबडी संध्याकाळी घरी परत नेली जाते, हे फार घातक आहे. त्याहून घातक म्हणजे घरची एक-दोन मेल्याबरोबर उरलेल्या दुसऱ्या दिवशी बाजारात काढणे. ज्याचे नुकसान होत असते तो असे का करतो हे समजण्यासारखे आहे. पण एका घरचा रोग दहा गावांत पोहोचविण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. पाहुण्याने भेट दिलेली अथवा माहेराहून आणलेली कोंबडीसुद्धा निदान पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावी. ऊसतोडणीच्या हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्यांवर पुष्कळ वेळा कोंबड्याही असतात. लस देताना त्या तळास वगळले जाते, कारण ती माणसे गावच्या यादीत नसतात. विषाणू अशी यादी पाहत नाही.

लस कोठून आली, कशी आहे

१८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ साली ती कुमाऊँत मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. राणीखेतच्या विषाणूस कोंबडीच्या गर्भधारी अंड्यांत पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य करण्याचे काम त्याच मुक्तेश्वरात विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात झाले, आणि त्यातून 'आर-टू-बी' ही लस मिळाली. दुसरी लस 'लासोटा'. गावोगावी रुळलेले हे नाव न्यू जर्सीतील ला सोटा नावाच्या एका शेतकऱ्याचे आहे. त्याच्या कोंबड्यांत हा मुळातच सौम्य विषाणू सापडला. महाराष्ट्रात शासनाची लसनिर्मिती पुण्यास औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत होते.

या दोन लशींतील भेद घोटाळा न करता ध्यानात ठेवावा. लासोटा कोणत्याही वयाच्या पक्ष्यास देता येते व डोळ्यात अथवा नाकपुडीत एक थेंब टाकून ती दिली जाते. आर-टू-बी अधिक तीव्र आहे. ती आठ आठवड्यांवरील पक्ष्यासच, पंखाखाली कातडीत अर्धा मिलिलीटर टोचावयाची असते. लहान पिलास ती दिल्यास पिलू लुळे पडते किंवा मरते. शेडमधील पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा अथवा त्याहून सौम्य 'एफ' जातीची लस, चार-पाच आठवड्यांनी पुन्हा लासोटा व आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी असा क्रम सामान्यतः ठेवतात. पहिला थेंब पुन्हा द्यावा लागतो, याचे कारण आईकडून पिलास मिळालेली प्रतिकारशक्ती त्या कोवळ्या वयात लसीलाही थोडी मारते. ज्या कळपात मायकोप्लाझ्मा दडलेला आहे तेथे लासोटा दिल्यावर घरघर वाढू शकते. म्हणून अशा कळपाची सुरुवात सौम्य लसीने करणे हितावह होय.

दोन्ही लशी जिवंत आहेत. कुपीतील विषाणू जिवंत असेल तरच लसीचे काम होते. मेलेली लस आणि जिवंत लस दिसावयास सारखीच असते. उन्हात मोटरसायकलच्या डिकीत दोन तास ठेवलेल्या कुपीचा थेंबही कोंबडीच्या डोळ्यात तसाच पडतो, यादीत तशीच खूण होते, आणि तीन महिन्यांनी कोंबड्या मेल्या म्हणजे "लस देऊनही मेल्या" अशी गावात बोलवा होते. त्या एका वाक्याने पुढील पाच वर्षांचे काम अडते.

शंभर मात्रांचा हिशेब

परसातील कोंबड्यांना लस न मिळण्याचे खरे कारण अज्ञान अथवा अनास्था हे नसून बऱ्याच अंशी कुपीचा आकार हे आहे. लस लहानात लहान कुपीतही बहुधा शंभर मात्रांची असते. ती एकदा द्रावकात कालवली म्हणजे बर्फावर ठेवूनही दोन तासांच्या आत संपवावी लागते. एका घरी सात कोंबड्या. म्हणजे एकट्या घराने कुपी फोडली तर त्र्याण्णव मात्रा फुकट जातात. दवाखान्यातील कर्मचाऱ्यासही सात कोंबड्यांसाठी कुपी फोडणे जड जाते. परिणाम असा होतो की, प्रत्येकाची इच्छा असते आणि कोणालाच लस मिळत नाही.

पंचवीस घरांची वाडी घेतली, घरटी सात पक्षी धरले, तर पावणेदोनशे पक्षी होतात; म्हणजे दोन कुप्या. दोन तासांत दोघा-तिघांना हे काम सहज होते, मात्र त्यासाठी पक्षी हाती सापडले पाहिजेत. सकाळी नऊ वाजता लसवाला आला तर कोंबड्या पाचटात व गवताच्या गंजीत असतात आणि मुले त्यांच्यामागे धावत असतात. म्हणून वेळ एकच योग्य : पहाटे खुराडे उघडण्यापूर्वी, अथवा दिवेलागणीनंतर कोंबड्या कोंडल्यावर. आदल्या सायंकाळी घरोघर निरोप देऊन पक्ष्यांची संख्या लिहून घ्यावी व तेवढ्याच कुप्या मागवाव्यात. अनेक गावांतून 'उमेद' अभियानातील पशुसखी आहेत. ज्या घरी पुरुष माणूस भेटत नाही तेथे कोंबडीचा खरा आकडा त्यांनाच कळतो, यासाठी यादीचे काम त्यांच्याकडे असणे उत्तम.

दवाखान्यातून कुपी निघते ती थर्मासमध्ये, बर्फात. तिचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. द्रावकही गारच हवे. ज्या अंगणात पहिली कोंबडी धरावयाची तेथे पोहोचल्यावरच लस कालवावी, दवाखान्यात नव्हे. सावलीत बसावे. पहाटेच्या वेळी कामाला लागलेली मंडळी ऊन वर आल्यावरही तसेच पुढे चालू ठेवतात, हे टाळावे. कोंबडीचे डोके आडवे धरून वरच्या डोळ्यात एक थेंब टाकावा व तिने पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत धरून ठेवावे. घाईने सोडलेली कोंबडी मान झटकते आणि मात्रा जमिनीवर जाते. आजारी पक्ष्यास लस देऊ नये. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. कारण हा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेल्यास काही दिवस डोळे येतात, अधिक काही होत नाही.

आफ्रिकेतील मोझांबिक, टांझानिया या देशांत ऑस्ट्रेलियात तयार झालेली, उष्णता अधिक सहन करणारी लस गावातीलच माणसांच्या हातून दर चार महिन्यांनी डोळ्यात घालण्याची पद्धत बसविली गेली. चार महिन्यांचे कारण सरळ आहे. परसात पिले वर्षभर निघत असतात. एक फेरी झाली की पुढच्या महिन्यात नव्या खुडुक कोंबडीखाली नवी, लस न मिळालेली पिले येतात. आपल्याकडे लासोटाच्या फेऱ्या याच अंतराने घ्याव्यात, आणि त्यांतील एक फेरी चैत्रातील यात्रांपूर्वी निदान तीन आठवडे येईल असे पाहावे; कारण लस दिल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास दीड-दोन आठवडे लागतात. आठ आठवड्यांवरील पक्ष्यांना वर्षातून एकदा पशुधन पर्यवेक्षकाकडून आर-टू-बी टोचून घेतल्यास संरक्षण अधिक काळ टिकते. त्यानंतर एखादी कोंबडी दोन-चार दिवस लंगडते, अंडी थोडी घटतात. हे घरधनिणीस आधीच सांगावे.

मोठ्या कळपात लासोटा पिण्याच्या पाण्यातून देतात. तेथे कोल्हापूरच्या गावांत एक अडचण हमखास येते. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकलेली असते. ती माणसास आवश्यक आहे, पण लसीचा विषाणू ती काही मिनिटांत मारते. विहिरीचे अथवा उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात दर लिटरास सुमारे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी आधी मिसळून मग लस घालावी. भांडी जंतुनाशकाने धुतलेली नसावीत. पक्ष्यांना आधी तास-दोन तास तहान लागू द्यावी, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि पाणी दोन तासांत संपेल एवढेच ठेवावे.

हवा व गादी

लस दिलेल्या पक्ष्यासही कोंदट शेड मानवत नाही. गगनबावड्याच्या पावसात शेडला चारी बाजूंनी गोणपाट बांधून टाकण्याकडे कल असतो. गादी ओली होते, तिच्यातून अमोनिया उठतो. आत शिरताच माणसाच्या डोळ्यांना झोंबत असेल, तर गुडघ्याखाली उभ्या असलेल्या कोंबडीचे काय होत असेल याचा विचार करावा. अमोनियाने श्वासनलिकेचे आतील अस्तर खराब होते व मग साधी सर्दीही छातीत उतरते. गोणपाट वरून एक हात मोकळे ठेवावे. गादी रोज दाताळ्याने हलवावी व ओली झालेली जागा काढून तेथे कोरडे तूस घालावे. पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगले भागात प्रश्न उलट असतो. हिवाळ्यात रात्र गार, दुपार तापलेली व धूळ फार. तेथे पडदे संध्याकाळी पाडणे व सकाळी उचलणे हे दूध काढण्याइतके नियमित असावयास हवे.

मर एकाएकी आली तर

२००६ साली फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. २०२१ च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आला. त्याची लक्षणे तीव्र राणीखेतसारखीच असतात, तुरा व गलोल निळसर पडणे हे त्यात विशेष. नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग निश्चित वेगळे करता येत नाहीत, आणि बर्ड फ्लू माणसासही होऊ शकतो. या दोन्ही वेळी लसीने नव्हे, तर त्या परिसरातील पक्षी नष्ट करून रोग रोखण्यात आला. म्हणून एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते उघड्या हातांनी सोलू नयेत, खाऊ नयेत, ओढ्यात अथवा उकिरड्यावर टाकू नयेत. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगविषयक कायद्याप्रमाणे मालकाने गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस खबर द्यावयाची व त्यांनी ती पशुवैद्यकास कळवावयाची असते. नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात व गरज पडल्यास भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले जातात.

राणीखेत ठरले, तर मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. आजारी पक्षी वेगळे करावेत. बाजारात एकही पिसू जाऊ देऊ नये. त्या घरांत त्या वेळी लस देऊन फारसे साधत नाही, कारण अंगात रोग भिनलेल्या पक्ष्यास ती वाचवीत नाही. उलट घरोघर कोंबड्या धरत फिरणाऱ्या माणसाच्या हातापायांवरून रोगच पुढे जातो. लस द्यावयाची ती शेजारच्या, अद्याप रोग न आलेल्या वाड्यांत, आणि ती देणारा माणूस आजारी वाडीतून गेलेला नसावा. रिकाम्या झालेल्या खुराड्यातील माती व विष्ठा खरवडून पुरावी, खुराडे चुन्याने सारवून उन्हात उघडे ठेवावे व निदान महिनाभर नवे पक्षी आणू नयेत. नवे आणताना पहिल्या फेरीची तारीख आधी ठरवून त्या दिवसाच्या कुप्यांची मागणी दवाखान्यात नोंदवून ठेवावी.